नोकरी सांभाळून चित्रांचा नियमित सराव कसा बसवावा?

पाठकोरा (सांगली)

नमस्कार. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत पेढीवर मी हिशेबाचे काम पाहतो. नववीत शासकीय रेखाकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिली, मग दहावीचे वर्ष आले आणि चित्रकला सुटली ती सुटलीच. आपल्याकडे अशी माणसे घरटी एक तरी निघतील. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे शब्द त्यांना अजून पाठ असतात, मिळालेली ग्रेडही ती अभिमानाने सांगतात. परंतु परीक्षा संपल्यावर पेन्सिल कशासाठी हातात धरायची, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नसते.

आता चाळिशी उलटल्यावर पुन्हा सुरुवात करावी असे मनाने घेतले आहे. क्लास लावणे शक्य नाही, कारण हळदीचे सौदे सुरू असले की पेढीवरून निघायची वेळ माझ्या हाती राहत नाही. मोठे चित्र घ्यावे, तर त्याला लागोपाठ दोन-तीन रविवार लागतात, आणि लागोपाठचे दोन रविवार लग्न, वास्तुशांत आणि बारसे यांतून मोकळे सुटणे हा योग दुर्मीळच म्हणायचा. म्हणून लहान, पण नियमाने करता येतील अशी कामे हाती घ्यावीत असा विचार आहे. जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. काम रोज करावे की आठवड्यातून एका ठरलेल्या दिवशी? विषय दर वेळी नवा घ्यावा की एकच धरून ठेवावा? आणि साहित्यावर आरंभी किती खर्च करावा? 'मनापासून इच्छा असेल तर वेळ मिळतोच' हा सल्ला घरातून मिळालेला आहे, तेवढा वगळून कृपया लिहावे.

निवृत्त कलाशिक्षक (वाई)

पाठकोरा, तुमच्या तीन प्रश्नांच्या आधी एक प्रश्न येतो, तो तुम्ही विचारलेला नाही. कागद केवढा घ्यावा? माझ्या मते बाकीचे सर्व त्यावर ठरते. कागद इतका लहान असावा की तुम्हाला जेवढा वेळ खात्रीने मिळतो तेवढ्यात त्यावरचे चित्र पूर्ण व्हावे. अर्धा तास मिळत असेल तर अर्ध्या तासाचा कागद. यामागचे कारण असे की पूर्ण झालेल्या चित्रातच मांडणी, रेखाटन, छायाप्रकाश आणि कोठे थांबायचे याचा निर्णय, ही चारही कामे एकदा तरी करावी लागतात. अर्धवट राहणाऱ्या मोठ्या चित्रांत माणूस पहिली दोनच कामे पुन्हा पुन्हा करीत राहतो, आणि थांबायचे कोठे हे त्याला कधीच शिकायला मिळत नाही.

जलरंगाचा पूर्ण आकाराचा कागद २२ × ३० इंचांचा येतो. त्याची चार वेळा निम्मी निम्मी घडी घेतली की साडेपाच × साडेसात इंचांचे बरोबर १६ तुकडे पडतात. प्रत्येक घडी आधी एका बाजूला आणि मग उलट बाजूला नखाने दाबावी आणि पट्टी धरून फाडावी. कडा किंचित लवदार येते, ती शोभते. रंग वापरणार असाल तर ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) कागद घ्या, कारण पातळ कागद ओला झाला की पापडासारखा फुगतो. पेन्सिलसाठी १५० जीएसएमचा कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेचा साधा कागद, पुरेसा आहे. एका कागदाची किंमत सोळा चित्रांत वाटली गेली की महाग कागदाचा धाकही उरत नाही. पेन्सिली दोनच असाव्यात, एचबी आणि ४बी. रंगांची मोठी पेटी आरंभी अजिबात घेऊ नये. चोवीस रंगांतून निवड करण्यातच अर्धा तास संपतो.

विषयाबद्दल माझे मत ठाम आहे. आरंभी एकच धरावा. इटलीतील बोलोन्या शहरात जॉर्जो मोरांदी (१८९० ते १९६४) नावाचा चित्रकार होऊन गेला. तो १९१४ ते १९२९ या काळात प्राथमिक शाळांतून चित्रकला शिकवीत असे, म्हणजे आमच्याच पंगतीतला. त्याने बाटल्या, बरण्या आणि डबे यांच्या मांडण्या आयुष्यभर चितारल्या, आणि तरीही एक चित्र दुसऱ्यासारखे नाही.

तुम्ही घरातला तांब्या घ्या. तो डोळ्यांच्या पातळीच्या थोडा खाली ठेवा आणि त्याचे तोंड व बूड नीट पाहा. तोंडाचे लंबवर्तुळ चपटे दिसेल, आणि बूड डोळ्यांपासून अधिक खाली असल्यामुळे तेथील वक्र तोंडापेक्षा अधिक गोल असेल. परीक्षेच्या पेपरांत मी वर्षानुवर्षे पाहिले की मुले तोंड व्यवस्थित लंबवर्तुळाकार काढतात आणि बुडाला पट्टीने मारल्यासारखी सरळ रेघ ओढतात, कारण तांब्या जमिनीवर टेकलेला असतो हे त्यांना माहीत असते. डोळ्यांना दिसते ते काढायचे आणि माहीत असते ते बाजूला ठेवायचे, हा धडा एकाच तांब्याची पंधरा-वीस चित्रे काढल्यावर हातात उतरतो. दर वेळी नवा विषय घेतला, तर प्रत्येक वेळी नव्याच अडचणी समोर येतात आणि जुनी अडचण सुटली की नाही हे कळायला मार्ग राहत नाही.

रोज की आठवड्याला, हे तुमच्या दिनक्रमावर सोपवतो. फक्त कॅलेंडरावर वेळ लिहू नका. आधीपासून न चुकता होणाऱ्या एखाद्या गोष्टीला सराव जोडा, जसे की सकाळचा चहा.

धावदोरा (कोरेगाव)

सर, तुमचा प्रतिसाद मी जपून ठेवला आहे. तरीही 'मिळालेल्या वेळात पूर्ण व्हावे' हा नियम पुरुषांच्या रविवारावर बेतलेला वाटतो, असे नम्रपणे म्हणावेसे वाटते. ज्या घरात अर्धा तास अखंड मिळतच नाही, तेथे काय करायचे?

आमच्या भागात वाकळ, म्हणजे गोधडी, शिवली जाते. जुन्या लुगड्यांचे थर जमिनीवर अंथरून, चारही कडांकडून आत आत येत धावदोरा घातला जातो. माझ्या सासूबाई आजही दुपारची भांडी झाली की तिच्यावर बसतात, आणि कोणी हाक मारली की सुई टाक्यात तशीच खोवून उठतात. परत आल्यावर कोठून सुरुवात करायची हा प्रश्न त्यांना पडत नाही, कारण पुढची ओळ मागच्या ओळीपासून बोटभर अंतरावरच जाणार हे ठरलेले असते. काम तुकड्या-तुकड्यांनी होत असूनही अडत नाही, याचे कारण माझ्या मते हेच आहे की पुढची पायरी प्रत्येक वेळी डोळ्यांसमोर असते. म्हणून पाठकोरा भाऊंना सुचवावेसे वाटते की काम अर्धवट सोडावे लागले तर अडलेल्या ठिकाणी सोडू नये. पुढे काय करायचे हे स्वच्छ दिसत असतानाच उठावे, आणि ते एका शब्दात कागदाच्या मागे लिहून ठेवावे. 'डावीकडची सावली' एवढे पुरते.

दुसरे असे की 'रोज एक चित्र, महिनाभर' हे नवे असल्यासारखे सांगितले जाते, परंतु आपल्याकडे चैत्रांगण आहेच. चैत्रगौर बसली की अक्षय्यतृतीयेपर्यंत दारासमोर ते रेखाटायचे. त्यात सूर्य, चंद्र, शंख, चक्र, गोपद्म, कासव, तुळशीवृंदावन, गौरीचा पाळणा ही चिन्हे ठरलेली असतात, त्यामुळे 'आज काय काढू' याच्यावर सकाळ वाया जात नाही. चित्र दुसऱ्या दिवशी झाडले जाते, त्यामुळे ते बिघडण्याची भीतीही नसते. मी स्वतः सध्या रुमालाएवढ्या सुती कापडावर यांतील एकेक चिन्ह साखळी टाक्याने भरते आहे. एका चिन्हाला कधी दोन दिवस लागतात, कधी आठवडा. साहित्याचा डबा मात्र कपाटात ठेवत नाही, खिडकीच्या कट्ट्यावरच असतो. कपाट उघडून डबा काढण्याचा आळस हाच निम्म्या छंदांचा शत्रू आहे.

रोखठोक (सातारा)

वरील प्रतिसाद उपयुक्त आहेत. तथापि नियमितपणाचे सध्या जे स्तोम माजले आहे, त्याविषयी चार शब्द लिहिणे आवश्यक वाटते.

एकवीस दिवसांत सवय लागते, असे सर्रास सांगितले जाते. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांवर केलेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात नवी कृती अंगवळणी पडण्यास लागणारा काळ माणसागणिक १८ ते २५४ दिवस असा पसरलेला आढळला आणि मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात विशेष खंड पडत नाही, हेही त्यात दिसले, आणि पाठकोरा यांनी तेवढे लक्षात ठेवण्यासारखे आहे. मात्र त्या अभ्यासातील सवयी कोणत्या होत्या? दुपारच्या जेवणासोबत फळ खाणे, पाणी पिणे, रात्रीच्या जेवणाआधी धावणे. फळ खाल्ले की खाल्ले, त्यात सरस-नीरस असे काही नसते. चित्रात असते. सवय लागल्याने चित्र काढले जाईल, एवढीच हमी त्या आकड्यांतून मिळते. ते सुधारेल याची नाही.

इंकटोबरचे उदाहरण पाहा. जेक पार्कर या अमेरिकी चित्रकाराने स्वतःचे शाईचे काम सुधारावे म्हणून २००९ साली ऑक्टोबर महिनाभर रोज शाईचे एक चित्र काढण्याचा हा उपक्रम सुरू केला. हेतू उत्तम होता. आज आपल्याकडे त्यात भाग घेणाऱ्या पुष्कळांची स्थिती अशी असते की दुसऱ्या आठवड्यापासून रात्री अकरा वाजता, मोबाइलवर चढवण्यापुरते काहीतरी काढले जाते आणि लोकांचे अंगठे मोजून झोप लागते. महिना भरतो, वही भरते, हात आहे तेथेच राहतो.

माझी सूचना एवढीच की महिन्यातून एक बैठक नवे काहीही न काढता घालवावी. झालेली सर्व चित्रे तारखेच्या क्रमाने जमिनीवर मांडावीत, उभे राहून पाहावीत आणि प्रत्येकाच्या मागे एकच वाक्य लिहावे, ते वाक्य चित्रातील एखाद्या निश्चित जागेविषयी असावे. 'छान जमले' किंवा 'फसले' हे वाक्य धरले जाणार नाही. आणि तोवर कोणालाही दाखवू नये. धावदोराताईंच्या चैत्रांगणाला मी नाव ठेवत नाही, पण तेथे ठरलेली आकृती बिनचूक उमटवणे हेच साध्य आहे. निरीक्षणावर उभ्या असलेल्या चित्राचे साध्य वेगळे आहे. शिवाय लहान कागदाचीच सवय लागलेल्या माणसाला मोठे चित्र कधी झेपणार, याचे उत्तर सरांनी द्यावे.

छाप (मिरज)

रोखठोक, तुमचा मासिक आढावा मान्य आहे. परंतु नियमाचे पालन हाच कलाकृतीचा गाभा होऊ शकतो, याचेही उदाहरण आहे. ओन कावारा या जपानी चित्रकाराने ४ जानेवारी १९६६ पासून न्यूयॉर्कमध्ये एक मालिका सुरू केली. एकरंगी पार्श्वभूमीवर त्या दिवसाची तारीख, एवढेच चित्र. मध्यरात्रीपर्यंत पूर्ण झाले नाही तर ते नष्ट करायचे. पुढे जवळजवळ पाच दशकांत अशी सुमारे तीन हजार चित्रे झाली आणि ती रोजच्या रोज मुळीच काढलेली नव्हती. नियम 'रोज काढायचे' असा नव्हता, 'ज्या दिवशी काढायचे त्याच दिवशी संपवायचे' असा होता. पाठकोरा यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला यात दिसते.

ज्यांना रेखाटनाची भीती वाटते त्यांच्यासाठी खोडरबरावरचा छापा सुचवतो. लिनोकटची, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून छापा घेण्याची, पूर्ण सामग्री आरंभी लागत नाही. पांढरे, मऊ, आयताकृती खोडरबर घ्यावे. पातळ कागदावर ४बी पेन्सिलने आकृती काढून तो कागद रबरावर पालथा ठेवावा आणि पाठीमागून नखाने घासावे. रेघा रबरावर उतरतात. त्या तेथे उलट्या दिसतात आणि छापल्यावर आपोआप सुलट होतात, त्यामुळे अक्षरे कोरण्याचा घोळही टळतो. कोरण्यासाठी लिनोकटची व्ही आकाराची एक पटाशी पुरते. पटाशी नेहमी स्वतःपासून दूर ढकलावी आणि वळण आले की हात न वळवता रबर फिरवावे. जे कोरले ते कागदावर पांढरे राहणार आणि जे उरले ते छापले जाणार, हा उलटा हिशेब डोक्यात बसायला एक-दोन रबरे खर्ची पडतात. शाईसाठी शिक्क्याचे साधे पॅड चालते. मोठा लिनो घेतला तरी यंत्र लागत नाही, कागद वर ठेवून चमच्याच्या पाठीने घासला तरी उत्तम छापा येतो.

विषय शोधायला मिरजेत लांब जावे लागत नाही. सतारमेकर गल्लीत तंबोऱ्यांसाठी पंढरपूर भागातून आलेले भोपळे रचलेले असतात. भोपळ्याचा घेर आणि त्यावर बसलेली सरळ दांडी, या दोनच आकारांवर एक पूर्ण मालिका उभी राहते. कारागिरांना विचारून बसावे, ते नाही म्हणत नाहीत. चहा मात्र दोनदा घ्यावा लागतो.

निवृत्त कलाशिक्षक (वाई)

धावदोराताई, तुमची हरकत योग्य आहे. पुढची पायरी दिसत असताना उठावे, हा मार्ग माझ्या नियमाइतकाच पक्का आहे.

रोखठोक यांनी मोठ्या चित्राविषयी विचारले आहे. त्यासाठी त्यांनी सवड काढून सातारा जिल्ह्यातल्या औंधला जावे. तेथील श्री भवानी संग्रहालय भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली उभे केले. संस्थानचा कारभार पाहणारा हा राजा स्वतः चित्रे काढीत असे आणि त्यांची रामायणावरील चित्रे १९१६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. नित्य सूर्यनमस्काराचा पुरस्कार करणारा माणूस कुंचल्याच्या बाबतीतही शिस्तीचा असावा, असा माझा आपला तर्क. संग्रहालयात राजा रविवर्मा यांची मूळ चित्रे आहेत, चित्रकार एम. व्ही. धुरंधरांची आहेत, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे माता-बालकाचे दगडी शिल्पही आहे, जे पाहायला लोक कोठून कोठून येतात आणि साताऱ्यातील पुष्कळांना ठाऊक नसते.

तेथे मोठ्या तैलचित्रासमोर उभे राहून, परवानगी घेऊन, पेन्सिलने काडेपेटीएवढा आराखडा काढावा. चेहरे, दागिने, साडीचे काठ हे काहीही काढायचे नाही. डोळे अर्धवट मिटावेत म्हणजे बारकावे पुसट होतात, आणि मग केवळ तीन छटा भराव्यात, उजेडाची, मधली आणि गडद. एवढ्याशा जागेत ते चित्र तरीही ओळखू येते, कारण त्याचे वजन त्या तीन छटांच्या वाटणीत आहे. मोठे चित्र अशा काडेपेटीत आधी उभे राहते. त्यामुळे लहान कागदावर छटांची वाटणी शिकलेल्या माणसाला मोठ्या कागदावर नवे शिकायचे उरते ते मुख्यतः हात खांद्यापासून फिरवणे आणि रंग अधिक कालवणे. अर्थात कोणी आयुष्यभर पोस्टकार्डाएवढीच चित्रे काढली, तरी त्यात कमीपणा आहे असे मला वाटत नाही. रोखठोक येथे असहमत असतील, त्यांची मुभा आहे.

पाठकोरा (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. सर्व प्रतिसाद पुन्हा वाचून मी पुढीलप्रमाणे ठरवले आहे.

आठवड्याचे दिवस पेढीवर जाण्याआधी चहासोबत तांब्या, त्यात खंड पडला तरी हरकत नाही. रविवारी सकाळी मात्र आयर्विन पूल. १९२९ साली खुला झालेला हा दगडी पूल आम्ही रोज ओलांडतो आणि पाहत नाही. घाटाच्या वरच्या बाजूची एकच जागा ठरवून, साडेपाच × साडेसातच्या कागदावर, तीनच छटांत पूल आणि पाणी काढायचे, आणि कोपऱ्यात त्या दिवशीची कृष्णेची पातळी फुटांत लिहायची. पावसाळ्यात पुलाजवळची पातळी रोज वर्तमानपत्रात येते. ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे आकडे सांगलीत शाळकरी पोरालाही पाठ आहेत. हिशेबनीस माणूस असल्यामुळे कोपऱ्यात आकडा असला की मला बरे वाटते, हे कबूल करतो. महिन्याच्या अखेरीस रोखठोक यांच्या पद्धतीने चित्रे मांडून मागे एकेक वाक्य लिहीन. वर्षभर ती येथे टाकणार नाही.

एक शंका उरते. उन्हाळ्यात पाणी तळाशी गेलेले असते आणि जुलै-ऑगस्टमध्ये कोयनेतून विसर्ग वाढला की ते कमानींना भिडू लागते. चित्राची चौकट एकदाच ठरवावी की पाण्याप्रमाणे दर वेळी बदलावी?

धावदोरा (कोरेगाव)

पाठकोरा भाऊ, पाणी चढू लागले की घाटावर बसण्याचा अट्टहास करू नका. त्या रविवारी पुलाच्या अलीकडच्या एखाद्या गच्चीवरून काढा, किंवा नुसता आकडा लिहून कागद कोरा ठेवा. आणि पावसाळ्यात कागदाचा गठ्ठा भिंतीला लागून ठेवू नका, ओलीने ठिपके पडतात आणि पुढे रंग त्यांत शोषला जातो. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवले तर कागद कोरडा राहतो.

निवृत्त कलाशिक्षक (वाई)

चौकट एकदाच ठरवा आणि ती बदलू नका, नाहीतर वर्षाअखेरीस पाणी किती चढले हे चित्रांतून दिसणार नाही. कागद उभा धरा. पुलाच्या कठड्याची रेघ वरून पाव भागावर घ्या आणि ती सर्व कागदांवर एकाच मापाने आधीच आखून ठेवा. त्याच्या खालचा पाऊण भाग खांबांसाठी आणि पाण्यासाठी मोकळा राहील. उन्हाळ्यात खाली वाळू आणि खडक दिसतील, तेथे मधली छटा वापरा. गडद छटा कमानींच्या आतल्या सावलीसाठी राखून ठेवा. गच्चीवरून काढलेली चित्रे दृष्टीची पातळी बदलल्यामुळे या मालिकेत बसणार नाहीत, त्यांचा गठ्ठा वेगळा करा.